विहिरीतून वर काढलेली यशोदा

सिनेमात यशोदा जगते. नवरा धोतर खोचून विहिरीत उडी टाकतो, तिला पाठीवर घेऊन वर येतो, आणि सासू काठावर ऊर बडवत म्हणते, "सूनबाई, माझे डोळे उघडले!" खरी यशोदा वर आली ती दुसऱ्या दिवशी, गळ टाकून काढलेली, फुगलेली. एवढासा फरक सिनेमावाल्यांना किरकोळ वाटला असेल. मला तो कधीच किरकोळ वाटला नाही, आणि ज्यांना वाटतो त्यांच्याशी माझं अजूनही पटत नाही. सिनेमाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. माझ्या हातून त्याची तेवढीही जाहिरात व्हायला नको.

आम्ही तेव्हा केळझरला राहायचो. आमचे हे तिथल्या शाळेत शिक्षक होते. नाव श्रीधर, पण नवऱ्याचं नाव घ्यायची जिभेला सवय नाही. गाव त्यांना मास्तर म्हणायचं, मीही मास्तरच म्हणते. आमच्या भिंतीला भिंत लागून अण्णाजींचं घर होतं. अण्णाजी शेतकरी माणूस, खाऊनपिऊन सुखी, बायको भागीरथा, आणि दोन मुली. थोरली यशोदा, धाकटी माणिक. दोघी माझ्या अंगणात वाढल्या म्हटलं तरी चालेल. मला मूलबाळ नव्हतं, आणि त्या दोघींना माझ्या हातची कढी आवडायची.

यशोदेला समुद्रपूरकडच्या एका खेड्यात दिली. नवरा चंद्रभान, सासू आनंदाबाई. ओलिताची जमीन, दोन बैलजोड्या, घरात दुसरं कुणी नाही. सगळ्यांनी पोरीचं नशीब काढलं म्हणून तोंड भरून सांगितलं. बावन्न सालच्या दिवाळीला ती दीड वर्षाचं पोर कडेवर घेऊन माहेरी आली. एका दुपारी माझ्याकडे आली, न्हाणीचं दार लावून घेतलं आणि पाठ उघडी करून दाखवली. उलथनं तापवून दिलेले चटके होते. काही जुने, काळे पडलेले, काही ओले. मी खोबरेल लावत होते आणि ती एवढंच म्हणाली, "काकू, मायले दाखोलं. बाले नाई दाखोवत. तुमी सांगा."

मी अण्णाजींना सांगितलं. भागीरथानं तर पाय धरले त्यांचे. अण्णाजी म्हणाले, "घरोघरी मातीच्या चुली. चटका कोनाले लागत नाई?" भाऊबीज झाली आणि त्यांनी तिला स्वतः मोटारीत बसवून दिलं. महिना उलटायच्या आत निरोप आला की यशोदा पाणी भरताना पाय घसरून विहिरीत पडली. कागदावरही तेच चढलं. पोर सासरच्यांनी ठेवून घेतलं.

मास्तर वाईट माणूस नव्हते, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी त्यांना बरंच बोलणार आहे. यशोदा त्यांच्याकडे चौथीपर्यंत शिकलेली. ती गेल्याचं कळलं तेव्हा ते शाळेतून आले आणि जेवले नाहीत. रात्री मी त्यांना चटक्यांचं पुन्हा सगळं सांगितलं, तेव्हा म्हणाले, "हे लिहिलं पाहिजे." मला बरं वाटलं. गावात बोलायची कुणाची छाती नव्हती, निदान एक माणूस लिहीन म्हणत होता.

वर्ष-दीड वर्ष खपून त्यांनी कादंबरी लिहिली. नागपूरच्या प्रकाशकानं छापली. नाव असं संस्कृत ठेवलं की केळझरात कुणाला उच्चारता येईना, म्हणून सगळे 'मास्तरचं बुक' म्हणायचे. छापून आलेली प्रत मी एका बैठकीत वाचली. न्हाणी होती, उलथनं होतं, चटके होते. आणि मग अठराव्या प्रकरणात एक तरुण आला. गोरा, कुरळ्या केसांचा, पेटी वाजवून गाणारा. यशोदा, म्हणजे बुकातली, त्याच्या गाण्यावर भाळते, त्याला विहिरीपाशी भेटते, आणि त्याच्या विरहानं शेवटी पाण्यात उतरते.

"हा कोण मेला?" मी विचारलं.

"तो रूपक आहे," मास्तर म्हणाले.

"रूपक आहे तर पेटी कशाला वाजवतोय? आपल्या यशोदेला शेणगोठ्यातून मान वर करायला फुरसत नव्हती आणि ही गाणी ऐकत बसते?"

मग त्यांनी खरं सांगितलं. नुसत्या सासुरवासाला वाचक नाही, कुठंतरी प्रेम पाहिजे, असं प्रकाशक म्हणाला होता. शिवाय मास्तरांना स्वतःलाही ते प्रकरण फार आवडलं होतं. त्यातलं चांदण्याचं वर्णन ते येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवत. मी पुष्कळ भांडले. "ती मेली ती चटक्यांनी," मी म्हटलं, "तुम्ही तिला गाण्यानं मारलंत." मला कलेतलं कळत नाही, असं ठरलं आणि विषय संपला.

गावात तेव्हा त्या अठराव्या प्रकरणानं काही बिघडलं नाही, कारण कादंबरी वाचतो कोण? लोकांपर्यंत एवढंच पोहोचलं की मास्तरच्या बुकात यशोदेचे चटके आणि विहीर छापून आली आहे. तेवढ्यानं काम केलं. चंद्रभानला दुसरी बायको मिळेना. समुद्रपूरपासून हिंगणघाटापर्यंत कुणी त्या घरात पोरगी द्यायला तयार नव्हतं. भागीरथा मला म्हणायची, "बाई, मास्तरनं माह्या पोरीचं नाव राखलं." तिला वाचता येत नव्हतं. अठरावं प्रकरण मी तिला सांगितलं नाही, आणि सांगायला हवं होतं असंही मला वाटत नाही.

मग पुण्याहून एका सिनेमा कंपनीचं पत्र आलं. मास्तरांना स्वर्ग दोन बोटं उरला. सही झाली, वर्ष गेलं, आणि छप्पन साली केळझरच्या गणपतीच्या जत्रेत फिरत्या टॉकीजनं तंबू ठोकला तेव्हा तोच सिनेमा घेऊन. सारं गाव लोटलं. पडद्यावर 'मूळ कथा' म्हणून मास्तरांचं नाव आलं तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या.

आम्ही बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये दोर. माझ्या शेजारी भागीरथा, तिच्या पलीकडे माणिक. सिनेमात चटके नव्हतेच. सासू नुसती जिभेनं तिखट, आणि तेही एका शेजारणीनं तिचे कान फुंकले म्हणून. पेटीवाल्याला त्यांनी यशोदेचा मानलेला भाऊ केलं होतं. तो राखी बांधून घेतो आणि तिकडे नवऱ्याचा गैरसमज होतो. शेवटी विहीर, नवऱ्याची उडी, सासूचं रडणं, सगळे मिळून आरती. नवऱ्यानं तिला पाण्याबाहेर काढलं तेव्हा दोरापलीकडून एका पुरुषाचा आवाज आला, "निघाली व माय, निघाली माही पोरगी!" ते अण्णाजी होते. उभे राहून हात जोडून रडत होते, आणि आजूबाजूचे लोकही डोळे पुशीत होते. भागीरथानं पदर तोंडावर ओढून घेतला आणि तंबू रिकामा होईपर्यंत काढला नाही.

घरी आल्यावर मास्तर खाटेवर बसून राहिले. पार कोसळले होते. "माझ्या अठराव्या प्रकरणाचं काय केलं पाहिलंस? प्रियकराचा भाऊ केला! शेवट बदलला! एक माणूस शेवट लिहितो तो काय उगाच?" त्यांनी कंपनीला लांबलचक पत्र लिहायला घेतलं. मेली यशोदा, आणि हे सुतक पाळत होते अठराव्या प्रकरणाचं. मला चीड आली. मी म्हटलं, "तुम्ही यशोदेचं जे केलंत, तेच त्यांनी तुमचं केलं. आता कळलं कसं लागतं ते?" ते माझ्याकडे असे बघत राहिले की मला माझ्याच बोलण्याचं वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.

अण्णाजी रोज तंबूत जाऊ लागले. खेळ तोच, तरी रोज. आणि जत्रा उठायच्या आधीच चंद्रभान आईला बैलगाडीत घालून सिनेमा पाहायला आला. दुसऱ्या दिवशी सकाळी आनंदाबाई अण्णाजींच्या दारात येऊन ऊर बडवत रडली. पडद्यावरची सासू जशी रडली तशीच, हात वर करून, मधे मधे थांबून. यशोदा गेली तेव्हा ही बाई रडली नव्हती. कसं रडायचं ते तिला आता कळलं होतं. अण्णाजींनी तिला पाणी दिलं.

त्यानंतर चंद्रभानचे मामा ताराचंद पाटील आले. गोड बोलणारा, पंचात बसणारा माणूस. त्यांनी सुपारी पुढं ठेवली. लेकरू आईवाचून वाढून राह्यलं, म्हणाले. परकी बाई आणली तर ती सावत्रपणा करील. मेलेल्या बायकोच्या जागी तिची बहीण देणं ही तर आपली रीतच आहे. "माय मरो न् मावशी उरो, असं उगाच नाई म्हनत, अण्णाजी. माणिक द्या."

अण्णाजींनी नाही म्हटलं नाही. विचार करून सांगतो म्हणाले.

माणिक त्याच दुपारी माझ्या स्वयंपाकघरात येऊन चुलीपाशी बसली. सतरा-अठरा वर्षांची पोर, बोलायला तिखट. "काकू, मले त्या घरी नाई जायचं. बा म्हनते, ते लोक आता बदलले. कोठी बदलले? तंबूत?"

पाठोपाठ भागीरथा आली. तिनं सगळं ठरवून आणलं होतं. जातीची बैठक तिच्या अंगणात बसणार होती. "आमा बायकायचं कोन आयकते? मास्तर शिकेल माणूस, बुकात त्यायचं नाव. त्यायनं उभं राहून सांगतलं का बुकातलं खरं न् शिनेमातलं खोटं, तं ह्यायले चार लोकात लाज वाटीन. मंग पोरगी देनार नाई." ती मास्तरांच्या पाया पडायला गेली. मास्तर चटकन मागं सरले आणि हो म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले. त्या रात्री ते मला म्हणाले, "इंदिरा, निदान हे तरी माझ्या हातून होऊ दे." कंपनीचं पत्र त्यांनी अर्धवट ठेवलं होतं.

बैठक बसली. अंगणात सतरंजी, मधे ताराचंद पाटील, एका कडेला चंद्रभान मान खाली घालून. आम्ही बायका दाराच्या आत. मास्तर परजातीचे असूनही त्यांना मानानं बसवलं. ते उठले आणि चांगलं बोलले. यशोदेच्या पाठीवरचे चटके सांगितले, कुणी दाखवले, कुणी तेल लावलं, सगळं. सिनेमावाल्यांनी हे सारं गाळून टाकलं आणि शेवट खोटा लावला, असं स्पष्ट म्हणाले. लोक खाली बघायला लागले. भागीरथानं माझा हात घट्ट धरला. मला वाटलं, जमलं.

ताराचंद पाटलांनी शांतपणे पिशवीतून बुक काढलं. मधे काडी घालून पान धरलेलं. त्यांनी अठरावं प्रकरण मोठ्यानं वाचलं, एकेक शब्द तोडून. ज्या चांदण्याचं मास्तरांना इतकं कौतुक होतं ते सगळं चांदणं त्या अंगणात वाचून झालं. भागीरथाच्या हाताची पकड सुटली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी मान फिरवली नाही.

"मास्तर," पाटील म्हणाले, "बुकात लिवलं हाय का यशोदा पेटीवाल्या पोट्ट्याच्या नादी लागली. हे खरं का खोटं? खरं असंन तं आमच्या घराची इज्जत तिनंच घालोली, तरी आमी तिच्या बहिनीले मानानं मागून राह्यलो. सांगा."

मास्तरांचा चेहरा मी दारातून बघत होते. त्यांना सगळं समजलं होतं. खरं म्हणावं तर मेलेल्या पोरीच्या तोंडाला काळं. खोटं म्हणावं तर बुकाच्या. मला राहवलं नाही. मी दारातूनच ओरडले, "अहो, सांगा ना! खोटं आहे ते!"

मास्तर म्हणाले, "खोटं आहे. तो तरुण मी रचला. यशोदा निष्कलंक होती."

मला त्या क्षणी त्यांचा फार अभिमान वाटला. हेही सांगून ठेवते.

"रचला," पाटील म्हणाले. "मंग चटकेबी रचले असतीन."

"नाही. चटके खरे आहेत."

"एकाच बुकात अर्धं खरं न् अर्धं खोटं? मंग कोनतं कोनतं हाय, हे कोन ठरवीन? तुमीच?"

कुणीतरी हसलं. मी आतून पुन्हा ओरडले की तेल मी लावलं, माझ्या या हातांनी. पाटील म्हणाले, "बाई, तुमी मास्तरच्या घरच्या. तुमी त्यायचंच म्हननार." भागीरथा दाराबाहेर आली आणि म्हणाली, "म्या पाह्यले चटके. ह्या डोयानं पाह्यले." तिला कुणी उत्तरसुद्धा दिलं नाही.

मग अण्णाजी बोलले. इतका वेळ ते खांबाला टेकून बसले होते. "मास्तर, तुमी शेजारी, तुमच्यावर माहा राग नाई. पन इचार करा. ते पुन्याचे लोक, एवढा मोठा खेळ उभा करनार. तपास केल्याबिगर करतीन का? तुमच्या बुकात चूक व्हती, ते तुमी आता कबूलच केलं. त्यायनं ते दुरुस्त केलं. वरतून तुमचं नावबी लावलं, म्हंजे तुमालेबी पटलं असंन."

"अण्णाजी, ती मेली हो," मास्तर म्हणाले. "तुम्ही स्वतः सरण रचलंत."

अण्णाजी रडायला लागले. सगळ्यांसमोर, मोठ्यानं. "तुमच्या बुकात माही पोरगी मरते. त्यायच्यात जगते. मले तेच राहू द्या ना."

त्या माणसाला काय म्हणावं हे मला आजही कळत नाही. त्यानं स्वतः तिला मोटारीत बसवून दिलं होतं. बुक खरं धरलं तर तो पोरीला मरायला धाडणारा बाप; सिनेमा खरा धरला तर त्याची पोरगी सुखात, घरचे सगळे चांगले, आणि त्याच्या हातून काहीच झालेलं नाही. माणूस कोणतं खरं धरील? पण म्हणून दुसरी पोर द्यायची? मला त्यांची कीव आली आणि संतापही आला, आणि त्यातला संतापच जास्त टिकला.

सुपारी फुटली. लग्न चैत्रात झालं. मास्तर मांडवात आले नाहीत. मी गेले, कारण माणिकनं बोलावलं होतं. तिच्या अंगाला हळद लावताना माझा हात तिच्या पाठीवरून फिरला. कोवळी, स्वच्छ पाठ. मी हात काढून घेतला आणि परसात जाऊन रडले. आनंदाबाई सगळ्यांना सांगत होती की पोटच्या पोरीसारखी सांभाळीन. हेही वाक्य सिनेमातलंच होतं.

निघताना माणिक पाया पडायला आमच्या घरी आली. गाडी दारात उभी होती, ताराचंद पाटील बाहेरून हाका मारत होते. ती माझ्या पाया पडली. मग मास्तरांच्या पाया पडली आणि उठली नाही, तशीच वाकून म्हणाली, "मास्तर, एक मागू?"

"माग पोरी."

"माह्यं काई बरंवाईट झालं, तं लिवू नोका."

मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती उठली, डोळे पुसले आणि गाडीत जाऊन बसली.

मास्तरांनी त्यानंतर गोष्ट म्हणून एक ओळ लिहिली नाही. आता ते नाहीत. हे मी लिहिलं, कारण यशोदेचं दोनदा खोटं लिहून झालं होतं, आणि एकदा तरी ते जसं झालं तसं कुठं असावं असं मला वाटलं. माणिकचं पुढं काय झालं ते केळझरात सगळ्यांना ठाऊक आहे. मलाही आहे. पण तिनं आयुष्यात आमच्याकडे एवढं एकच मागितलं होतं, म्हणून ते मी लिहिणार नाही.